लाहीचा टाका

गेल्या गणपतीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. मॉरिसव्हिलच्या आमच्या घरात सजावट चालली होती. आईने विणलेले क्रोशाचे तोरण दारावर चढवताना ते खिळ्यात अडकले, दोरा तुटला आणि एक लाही उसवली. सपाट जाळीतून वर आलेला जो टपोरा फुगा असतो, त्याला आई लाही म्हणे. आई जाऊन आता सहा वर्षे झाली. चुका शोधून दुरुस्त करणे हा माझा वीस वर्षांचा पोटापाण्याचा उद्योग आणि इंजिनिअरिंगमधली डॉक्टरेटही पदरी आहे. तेव्हा एक लाही आपल्याला सहज जमेल असे वाटले. ती काही जमली नाही.

आईची नमुन्यांची वही माझ्याकडे होती. तिच्यात ‘३ सा., ५ खां., लाही’ अशी टिपणे. सा. म्हणजे साखळी, खां. म्हणजे खांब. पण खांब घालतात कसा, हे वहीत नव्हते. आईला ते लिहून ठेवायची गरजच कधी पडली नसणार. शेवटी दोन घरे पलीकडच्या, पंचाहत्तरीच्या शेजारीणबाईंकडे तोरण घेऊन गेलो. त्यांनी लाही पाहताच ‘पॉपकॉर्न!’ म्हटले. मी थक्क झालो. माझ्या आईने अमेरिका पाहिली नव्हती आणि या बाईंनी भारत पाहिला नव्हता, पण टाक्याचे बारसे दोघींकडे फुललेल्या धान्यावरूनच झाले होते.

पुढे मात्र गाडी अडली. मी एका ब्रिटिश पुस्तकातला नमुना नेला होता. त्यातला ‘डबल क्रोशे’ त्यांनी घातला, तर तो हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच निघाला. कारण साधे होते. अमेरिकेत ज्याला ‘सिंगल’ म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये ‘डबल’ म्हणतात, आणि अमेरिकेतला ‘डबल’ तिकडे ‘ट्रेबल’ होतो. मराठीत हा घोळ नाही. बुटका तो मुका खांब, सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उंच तो खांब. आपल्या बायकांनी टाके मोजून नव्हे, तर पाहून नावे ठेवली. सॉफ्टवेअरमध्ये नावे कशी ठेवावीत यावर आम्ही तासन् तास बैठका घेतो, म्हणून हे विशेष जाणवले.

लाहीची कृती अशी. एकाच घरात पाच खांब घालायचे. मग सुई टाक्यातून काढून घ्यायची, पहिल्या खांबाच्या माथ्यात खुपसायची, मोकळा सोडलेला फास पकडून त्यातून ओढून घ्यायचा आणि एका साखळीने तोंड बंद करायचे. एका खांबाच्या जागेत पाच कोंबले की त्यांना पसरायला वाव उरत नाही, म्हणून ते वर उठतात. हे निव्वळ भूमितीचे काम आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये याच तत्त्वावर, ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन, हायपरबोलिक पृष्ठभागाची टिकाऊ प्रतिकृती क्रोशाने विणली. त्याआधी ती कागदाच्या पट्ट्या चिकटवून करत, आणि कागद फाटत असे.

तोरण आपल्या दारावर इतके रुळले आहे की क्रोशा पेशवाईपासूनचा असावा असे वाटते. तसे नाही. क्रोशाचे छापील नमुने प्रथम १८२३ च्या सुमारास ‘पेनेलोपे’ या डच मासिकात आले. शब्द फ्रेंच, अर्थ ‘लहान आकडा’. या कलेला खरे बळ मिळाले ते आयर्लंडच्या दुष्काळात. १८४५ पासून बटाट्याचे पीक सडत गेले, माणसे उपाशी मरू लागली. तेव्हा मठांतल्या जोगिणींनी आणि धर्मगुरूंच्या घरच्या स्त्रियांनी गावोगावच्या बायकामुलींना क्रोशा शिकवला. क्लोन्स गावात कॅसांड्रा हँड या बाईंनी १८४७ मध्ये असे काम सुरू केले. व्हेनिसची सुईने केलेली उठावाची लेस श्रीमंतांनाच परवडे. तिची नक्कल सुईऐवजी आकडीने केली तर काम कितीतरी लवकर होई. म्हणून आयरिश क्रोशात जाड दोऱ्यावर विणलेले कंगोरे, पाकळ्यांवर पाकळ्या आलेले गुलाब आणि ‘क्लोन्स नॉट’ नावाची फुगीर गाठ दिसते. उठावाच्या टाक्यांना प्रतिष्ठा आली ती अशी, उपाशी माणसांच्या हातून.

भारतात ही कला एकोणिसाव्या शतकात मुख्यतः मिशनऱ्यांबरोबर आली. आंध्रातल्या नरसापूरला मॅक्रे या स्कॉटिश दांपत्याने १८४० च्या दशकात तिचा पाया घातला, आणि पुढे तिथे क्रोशाच्या लेसचा मोठा निर्यातधंदा उभा राहिला. आपल्याकडे शाळांतून आणि स्त्रियांच्या संस्थांतून हातकामाला शिक्षणात जागा मिळाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. बाईच्या हाती स्वतःचे चार पैसे यावेत, हा विचार या कामामागे होता. पण घराघरात शिरता शिरता क्रोशा रुखवतात जाऊन बसला. ताटावरचा रुमाल, टीव्हीवरचे झाकण, दारावरचे तोरण झाला. ‘मुलगी गुणाची आहे’ याचा दाखला झाला. चार पैशांची गोष्ट मागे पडली.

यंत्रांचे मात्र या आकडीपुढे फारसे चालले नाही. मोजे विणायची चौकट विल्यम ली याने १५८९ मध्ये केली, लेसची जाळी विणणारे यंत्र हीथकोटने १८०८ मध्ये. क्रोशासाठी प्रयोगशाळांत काही नमुने झाले आहेत, पण बाजारात येणारा खरा क्रोशा आजही हाताचाच असतो. दोन सुयांच्या विणकामात सगळे फास ओळीने सुईवर उभे असतात, आणि अशी रांग यंत्राला मानवते. क्रोशात जिवंत फास एकच, आणि आकडी विणून झालेल्या कापडात कुठेही, पुढून, मागून, खांबाभोवतीही शिरते. लाहीत तर हातातला फासच सोडून द्यावा लागतो. म्हणजे दुकानात क्रोशाचा टॉप पंधरा डॉलरला दिसला, तर तो कुणाच्या तरी बोटांनीच विणलेला असतो. मग त्या बोटांना किती मिळाले, याचा हिशेब आपणच करावा.

हा हिशेब मी घरापासून सुरू केला. बाबा गिरणगावात कापडगिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांची गिरणी परत आलीच नाही. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. त्या काळातली आई मला आठवते ती खिडकीशी, मांडीवर पांढरा दोरा घेतलेली. दर पंधरवड्याला ती पिशवी घेऊन दादरला जाई आणि येताना तांदूळ आणी. विणलेले रुमाल आणि तोरणे ती एका दुकानात देत असे, हे मला मोठेपणी कळले. पण आमच्या घरात वाक्य ठरलेले होते : ‘बाबांना काम नाही, आई विणत बसते.’

समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्येच नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक प्रसिद्ध केले. दिवसाचे सहा-आठ तास विणून निर्यातीचा माल तयार करणाऱ्या या बायकांना सगळे ‘गृहिणी’ म्हणत आणि त्यांच्या कामाला ‘फावल्या वेळचा उद्योग’, हा त्यांचा मुद्दा. म्हणून मजुरीही फावल्या वेळचीच. ते वाचताना मला आमची खिडकी दिसली.

लाही घालायला मला आता दीड मिनिट लागते. आमच्या तोरणात २३ पाने आणि प्रत्येक पानावर ९ लाह्या, म्हणजे २०७. माझ्या वेगाने नुसत्या लाह्यांनाच पाच तासांहून अधिक. जाळी वेगळी, झालर वेगळी. आईचा हात माझ्या दुप्पट चालत असेल असे धरले, तरी ते ‘बसणे’ नव्हते. त्या वर्षी आमच्या घरात पाळी भरणारी ती एकटीच होती.

शेजारीणबाईंना मी हे सांगितले. त्यांची आई डरहॅममध्ये, १८९२ साली स्थापन झालेल्या अर्विन गिरणीत होती. १९८६ मध्ये तीही बंद पडली. परळच्या गिरणीच्या जागी मॉल आला, डरहॅमच्या गिरणीत ऑफिसे आणि घरे आली. मी ज्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये नोकरीला आलो, तेही १९५९ मध्ये उभारले ते इथल्या तरुणांना तंबाखू आणि कापडाबाहेर काम मिळावे म्हणून. बाई म्हणाल्या, ‘माझी आई पाळीवरून आल्यावर विणायची. आम्हीसुद्धा त्याला विसावाच समजायचो.’

तोरण दुरुस्त झाले. माझी लाही इतरांहून थोडी मोठी आणि वाकडी आहे, चटकन ओळखू येते. ती तशीच ठेवली आहे.

वाचकहो, आपल्याही घरी बॅगेच्या तळाशी असा एखादा रुमाल असेल. तो कुणी विणला, केव्हा, कुणासाठी, आणि त्याचे पैसे आले होते का, हे सांगणारे माणूस अजून असेल तर या आठवड्यात फोन करून विचारा. उत्तर कागदावर लिहा आणि रुमालाच्या घडीत ठेवा. माझे विचारायचे राहून गेले.