स्वतःविरुद्धची साक्ष

नैराश्याने ग्रासलेला माणूस स्वतःला नालायक, अपराधी आणि इतरांवरचा भार मानू लागतो. त्याची ही आत्मनिंदा रोगाचे लक्षण मानायची की खराखुरा कबुलीजबाब, हा युरोपीय वैद्यकातील फार जुना आणि कित्येकदा रुग्णाच्या जिवावर बेतलेला प्रश्न होता. ग्रीक वैद्यांनी या विकाराला ‘मेलँकोलिया’ म्हटले आणि त्याचे मूळ शरीरातील काळ्या पित्तात शोधले. पुढे ख्रिस्ती धर्मविचाराचा पगडा बसल्यावर तीच खिन्नता पापाच्या भाषेत बोलू लागली.

इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) याचे चरित्र या दृष्टीने डोळे उघडणारे आहे. हाउस ऑफ लॉर्ड्समधील एका पदासाठी जाहीर परीक्षा द्यावी लागेल, या धास्तीने १७६३ मध्ये त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि सेंट ऑल्बन्स येथे डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्या देखरेखीखाली सुमारे दीड वर्ष राहिल्यावर तो सावरला. १७७३ मध्ये मात्र ईश्वराने आपल्याला कायमचे टाकले आहे, अशी एका स्वप्नावरून त्याची खात्री पटली आणि स्तोत्रे रचणाऱ्या या भाविकाने चर्चमध्ये जाणेच सोडले. त्यानंतर त्याने ससे पाळले, प्रत्येकाच्या स्वभावातले बारकावे हौसेने टिपले, ‘द टास्क’ (१७८५) या दीर्घकाव्याने कीर्ती मिळवली, होमरचा अनुवाद केला. पण स्वतःविषयीचा त्याचा निवाडा काही बदलला नाही. नैराश्याची खरी क्रूरता हीच, की मिळालेले यश स्वतःच्या खात्यावर जमाच होत नाही.

शोकात जग रिते होते, तर मेलँकोलियात ‘अहं’, म्हणजे माणसाचे स्वत्वच रिते होते, असा भेद फ्रॉइडने १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात केला. आत्मनिंदेत गमावलेल्या प्रिय व्यक्तीवरचा राग दडलेला असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याला पुष्टी मिळावी म्हणून फिलाडेल्फियातील मनोविश्लेषक आरन बेक यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली, तेव्हा त्यांत रागाऐवजी हरलेला, नाकारला गेलेला माणूस पुन्हा पुन्हा आढळला. नैराश्य मोजण्यासाठीच्या त्यांच्या १९६१ च्या २१ कलमी प्रश्नावलीत अपराधभावाला आणि स्वतःविषयीच्या तिटकाऱ्याला स्वतंत्र कलमे मिळाली. पुढे त्यांनी घडवलेल्या उपचारपद्धतीत ‘माझ्याच्याने काही होत नाही’ हे रुग्णाचे मत पडताळून पाहण्याजोगे अनुमान मानले जाऊ लागले. त्यावर वाद घालण्याऐवजी किंवा वरवरचा धीर देण्याऐवजी रुग्णाकडून दिवसभरातील कामांची तासातासाची नोंद ठेवून घ्यायची आणि ती त्याच्याबरोबर बसून वाचायची, अशी रीत पडली.