मोडी शाळेतून गेली, कागद मात्र राहिले

अमेरिकेत २०१० साली शालेय अभ्यासक्रमाची जी नवी मानके आली, त्यांत जोडून लिहिण्याचे वळण, ज्याला तिकडे कर्सिव्ह म्हणतात, वगळले गेले. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून तेच वळण पहिली ते सहावीच्या वर्गांत पुन्हा आणले. दरम्यान तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारावर जुने कागद वाचू शकणारे स्वयंसेवक शोधण्याची पाळी आली. पणजोबांची पत्रे पणतवंडांना लागत नाहीत, अशी त्यांची अडचण आहे. मुलांनी सुंदर अक्षर काढावे की नाही, यावर तिकडे अजून तावातावाने लिहिले जाते.

आपल्याकडे हे नाटक केव्हाच होऊन गेले. आपले कर्सिव्ह म्हणजे मोडी.

मोडीचा जनक म्हणून देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाडपंत याचे नाव परंपरेने घेतले जाते. ते खरे असो वा नसो, लिपीची घडण कशासाठी झाली हे तिच्याकडे पाहताच कळते. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता अक्षरामागून अक्षर त्या रेघेला लटकवत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'राजश्री' लिहायला वेळ नसेल तर नुसते 'रा'. ही घाईची लिपी आहे. दिवसाकाठी पन्नास कागद उरकायचे असलेल्या कारकुनाची. बालबोध अक्षरे मोडून केली म्हणून मोडी, असे सांगतात. गंमत अशी की फारसीत याच कामासाठी जे वळण तयार झाले त्याचे नाव 'शिकस्ता', आणि शिकस्ता म्हणजेही मोडलेले. दोन्ही लिप्यांची मोडतोड एकाच कारणाने झाली, ती दफ्तरातल्या घाईने.

आणि दफ्तर एकच होते. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने, पहिल्याने, सोळाव्या शतकाच्या मध्यात हिशेबाचे दफ्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणल्याचे फेरिश्ता लिहितो. पुढच्या आदिलशाही कागदांत वर फारसी आणि खाली मोडीत मराठी असे जोडकागद मिळतात. सुलतानाचा हुकूम गावच्या पाटलाला कळायचा असेल तर तो मोडीत उतरणे भाग होते. गावचा काजी, मुलाणी, मशिदीच्या दिवाबत्तीची इनाम जमीन, दर्ग्याच्या उरुसाचा खर्च, या सगळ्यांची नोंद कुलकर्ण्याच्या दफ्तरात मोडीतच झाली. मोडी ही हिंदूंची लिपी आणि उर्दू ही मुसलमानांची, ही वाटणी फार अलीकडची आहे. जुन्या कागदांना ती ठाऊक नाही.

पेशव्यांच्या दफ्तरातला कोणताही कागद घ्या. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्यालाही तोवर शंभर वर्षे होत आलेली. तरी ब्राह्मण कारकून पुण्यात बसून तारीख घालतो ती अशी: आधी 'छ', म्हणजे चंद्र, मग आकडा, मग महिना. आणि महिना कोणता? मोहरम, सफर, रबिलावल, साबान, रमजान, जिल्हेज. वर्ष लिहितो तेही अरबी संख्यांत. 'सलास सबैन मया व अलफ' असे असेल तर तीन, सत्तर, शंभर आणि हजार मिळवायचे. सुहूर सन ११७३ झाला. त्यात ५९९ मिळवले की इसवी १७७२ येते. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पावसाळ्याचे वर्ष, चंद्राचे महिने, अरबी आकडे, मराठी मजकूर. आज हा कागद कुणी नव्याने तयार केला तर दोन्हीकडचे लोक त्याच्यावर तुटून पडतील.

मग मोडी गेली का? मुख्य कारण छापखाना. विल्यम कॅरेने श्रीरामपूरला मोडीचे खिळे पाडून १८१० मध्ये मराठीचा कोश छापलाही होता, पण एकमेकांत गुंतणारी अक्षरे सुट्या खिळ्यांत बसवणे जिकिरीचे होते. पुस्तके बालबोधीत निघू लागली, शाळा पुस्तकांमागे गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सरकारी कामातही बालबोध पुढे आली आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत मोडीचा तास शाळांतून उठला.

मला हे वाईट झाले असे वाटत नाही. मोडीबद्दल हळवे होणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही लिपी येत होती ती थोड्यांना. कुळाने अंगठा उठवायचा आणि वर काय लिहिले आहे ते कुलकर्ण्याने सांगायचे, हा व्यवहार शतकानुशतके चालला. बालबोधीने, छपाईने आणि गावच्या शाळेने तो मोडला. शेतकऱ्याचे, विणकराचे, पिंजाऱ्याचे पोर सात-बारा स्वतः वाचू लागले ते त्यामुळे.

परंतु लिहिण्यासाठी लिपी सोडणे वेगळे आणि वाचण्यासाठीही सोडणे वेगळे. आपण दोन्ही एकदम केले आणि तिथे चुकलो. कागद कुठे गेले नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ते हजारो रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० पासून पंचेचाळीस खंडांत निवडक कागद छापले, तो त्या साठ्याचा लहानसा अंश. तहसिलात, भूमी अभिलेख कार्यालयात, जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत आणखी आहेत.

ते फक्त इतिहासकारांसाठी आहेत असे समजू नका. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा सरकारी यंत्रणेला मोडी, उर्दू आणि फारसी वाचणारी माणसे हुडकावी लागली. मुस्लिम ओबीसींचेही तेच. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी कुटुंबाला जातीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या पिढीची जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल बुकात सापडते, आणि ती अनेकदा मोडीत असते. मशिदी, कब्रस्ताने, दर्गे यांच्या इनाम जमिनींचे तर विचारूच नका. २०२५ च्या कायद्याने 'वापराने वक्फ' ही कल्पना पुढच्या काळापुरती काढून टाकली आहे. नोंदणी झालेल्या वक्फांचा तपशीलही पोर्टलवर चढवायचा आहे. अशा वेळी सनद विश्वस्तांच्या कपाटात असते. ती असते, पण वाचता येत नाही. मग पानागणिक दर घेणारा मोडी वाचक शोधायचा आणि तो सांगेल ते खरे मानायचे. कुलकर्णी गेला, पण अंगठा तिथेच आहे.

पुराभिलेख संचालनालय आणि काही विद्यापीठे मोडीचे छोटे वर्ग घेतात. ते चांगलेच आहेत, पण तिथे येतो तो आधीच गोडी लागलेला माणूस. २०१४ मध्ये युनिकोडने मोडीला जागा दिली, आता यंत्रे मोडी वाचू लागतील, असेही सांगितले जाते. वाचू देत. यंत्राने एखाद्या इनामाचा आकडा चुकीचा वाचला तर ते ओळखायला माणूस लागेलच, आणि तो कोर्टात उभा राहू शकणारा हवा.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: मोडी लिहायला कुणालाही लावू नका, परीक्षा घेऊ नका. आठवी-नववीच्या इतिहासाच्या तासांतले पंधरा-वीस तास वाचनाला द्या. अक्षरओळख, काही ठरीव संक्षेप, तारखा आणि आपल्याच तालुक्यातल्या पाच-सहा जुन्या कागदांच्या छायाप्रती. मराठी शाळांत द्या तसे उर्दू शाळांतही द्या. आमची मुले मदरशात अरबी अंक शिकलेली असतात, चांद्र महिने त्यांना घरातच पाठ झालेले असतात. सुहूर सनाची ओळ आली की वर्गात शिक्षकाच्या आधी तीच ती वाचून दाखवतील.