आर्यांचे नाक आणि आमचा डीएनए

शिबिरांमध्ये आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. ब्राह्मण परकीय आर्य आहेत हे डीएनएने सिद्ध झालेय, मग तुम्ही ते ठणकावून का सांगत नाही? विचारणारा तरुण प्रामाणिक असतो. म्हणून उत्तरही प्रामाणिक द्यायला हवे, आणि ते बाबासाहेबांपासूनच सुरू करावे लागते.

1901 च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने नाकाच्या मापावरून वंश ठरवायचा उद्योग मांडला. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. म्हणजे जात हा अन्याय नाहीच, तो निसर्ग! 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी असल्याच मोजमापांचे आकडे हाती घेतले, प्रांतवार ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी ठेवले, आणि विचारले, फरक कुठे आहे? हे मोजमाप भरवशाचे शास्त्र असेल तर दोघे एकाच वंशाचे. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. त्या 'असेल तर'कडे नीट बघा. विरोधकाची मोजपट्टीही त्यांनी डोळे झाकून स्वीकारली नाही.

त्याआधी 1946 मध्ये, 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात, त्यांनी आर्यवंशाचा सिद्धांत पुराव्यावर टिकत नाही हे दाखवले होते. मग तो मरत का नाही? त्यांचे उत्तर आजही लागू पडते. या सिद्धांतामुळे ब्राह्मणाला युरोपियनाशी नाते सांगता येते, त्याच्या श्रेष्ठत्वात वाटा मागता येतो आणि इतरांवरचे वर्चस्वही रास्त ठरते. जो समज असा रोज कामाला येतो, तो पुरावा गेला म्हणून कोण टाकून देईल?

हाच ग्रंथ बाबासाहेबांनी महात्मा फुल्यांच्या स्मृतीस अर्पण केला. 'गुलामगिरी'त (1873) जोतीरावांनी भट बाहेरून आलेले आर्य असल्याचे मांडले होते. त्या काळच्या ज्ञानाचे हत्यार त्यांनी उलटे फिरवले होते. बाबासाहेबांनी गुरू मानला आणि गुरूचे हे मत मात्र घेतले नाही. आमच्यात आज कुणी असे केले तर त्याला संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढतात.

आता तो डीएनए. आपल्याकडे फिरणारा 2001 चा शोधनिबंध मुख्यतः आंध्रातल्या जातींवर होता. पितृवंशात वरच्या जाती युरोपीयांना अधिक जवळ, हे त्यात होते. पण मातृवंश सगळ्याच जातींचा आशियाईंना जवळचा, हेही त्यातच होते. हे दुसरे वाक्य आपल्या पोस्टरवर कधी छापले गेले? संघवाले 2019 च्या राखीगढीच्या सांगाड्याचे तेच करतात. त्या स्त्रीत स्टेपचा अंश नाही, एवढे सांगतात. तो अंश पुढे, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात आला, हे त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने दाखवले, ते गिळतात.

आम्हालाही काही गिळावे लागेल. उत्तरेतल्या अनेक ब्राह्मण गटांत हा अंश सरासरीने जास्त आढळतो. म्हणजे बाबासाहेबांचे 'एकच वंश' हे विधानही आज जसेच्या तसे म्हणता येत नाही. हे म्हटल्याने त्यांचा अवमान होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी तो 'असेल तर' पुन्हा वाचावा.

पण शुद्ध परकीय कुणी नाही आणि शुद्ध मूलनिवासीही नाही. 2013 च्या एका अभ्यासानुसार सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात इथे सर्वदूर सरमिसळ झाली, अगदी दुर्गम जमातींतही. त्यानंतर ती थांबत गेली. लोकांनी जातीबाहेर लग्न करणे बंद केले. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जो निबंध वाचला, त्याचा मुद्दा हाच होता: लोक आधीच मिसळलेले होते, जात निर्माण झाली ती लग्नाची दारे बंद केल्याने. तेव्हा त्यांच्या हाती डीएनए नव्हता.