स्मार्टथिंग्ज : साधन बदलले, नियमांचे काय?

घरातील दिवे, कुलुपे व सेन्सर यांना एका सूत्रात बांधणारे मध्यवर्ती उपकरण म्हणजे 'हब'. अमेरिकेत २०१२ साली सुरू झालेली व २०१४ मध्ये सॅमसंगने विकत घेतलेली 'स्मार्टथिंग्ज' ही या क्षेत्रातील एक प्रमुख प्रणाली होय. आरंभी तिच्यासाठी 'ग्रूव्ही' भाषेत लिहिलेले प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरवर चालत. 'वेबकोअर' या साधनामुळे प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनाही गुंतागुंतीचे नियम रचता येत. मात्र इंटरनेट खंडित होताच ते नियम थांबत.

२०२२ मध्ये सॅमसंगने ग्रूव्ही व्यवस्था बंद करण्यास प्रारंभ केला. तिची जागा घेणारे 'एज' ड्रायव्हर 'लुआ' भाषेत असून थेट हबवर चालतात. त्यामुळे अनेक कामे इंटरनेटविनाही होऊ लागली. परंतु वेबकोअरमधील नियम आपोआप नव्या व्यवस्थेत आले नाहीत. ते पुन्हा रचावे लागले. 'हुबिटॅट' हबकडे वळलेल्यांना तेथे वेबकोअर लाभले, तरी उपकरणे एकेक करून नव्याने जोडावी लागली.

म्हणून साधन बदलण्यापूर्वी प्रत्येक नियमातील घटना, अट व कृती साध्या शब्दांत लिहून ठेवणे हिताचे ठरते. जुना नियम बंद करूनच नवा सुरू करावा. अन्यथा एकाच दिव्याला दोन्हीकडून आज्ञा जात राहतात.