शीर शोधणारा उजेड

घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना वाटेत शिनोली लागते. पावसाळ्यात अशा गावांना दोन गोष्टींची धास्ती असते: सर्पदंश आणि जुलाब. सापाच्या विषावरील प्रतिविष शिरेतूनच द्यावे लागते. जुलाबाने फार सुकलेल्या, पाणीही पोटात न ठरणाऱ्या मुलाला सलाईन लावावे लागते. पण नेमक्या त्याच वेळी शिरा आक्रसतात. पुन्हा पुन्हा सुई टोचूनही शीर मिळत नाही आणि मोलाचा वेळ जातो.

शिरा पाहण्याची धडपड जुनी आहे. पादुआच्या फाब्रिसिअसने १६०३ मध्ये शिरांतील झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ च्या ग्रंथात दंडाला पट्टा बांधून फुगवलेल्या शिरांची चित्रे दिली आणि रक्त हृदयाकडे एकाच दिशेने वाहते हे दाखवले. आजही सुई टोचण्यापूर्वी दंडाला पट्टा बांधतात, तो याच कारणाने. हार्वेला पुरला तो साधा उजेड. पण गुबगुबीत बाळाच्या हातावर तो पुरत नाही.

शरीरातून उजेड आरपार पाठवता येतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते. मेंदूत पाणी साठलेल्या एका रुग्णाच्या डोक्यामागे मेणबत्ती धरली की डोके उजळते, अशी नोंद रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ मध्ये केली. मात्र कोणत्या रंगाचा उजेड रक्त शोषते, हे होप्पे-सायलर यांनी १८६२ मध्ये वर्णपटावरून दाखवले. पुढे १८६४ मध्ये स्टोक्स यांनी प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे वर्णपट वेगळे असतात, हे सिद्ध केले.

रंगीत विजेरीचे मर्म इथेच आहे. निळा व हिरवा प्रकाश रक्तात लगेच शोषला जातो, म्हणून तो खोल जात नाही. लाल प्रकाश काही मिलिमीटर आत शिरून पसरतो. शिरेतल्या रक्तात प्राणवायू कमी असल्याने ते लाल प्रकाश भोवतालच्या मांसापेक्षा अधिक शोषते. त्यामुळे लाल उजेडात शीर काळ्या रेघेसारखी उमटते. तान्ह्या मुलांच्या शिरा प्रखर दिव्याने शोधण्याची पद्धत कुन्स आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. पण त्या काळच्या तप्त दिव्यांनी कोवळी कातडी भाजण्याचा धोका असे. थंड राहणाऱ्या एलईडीमुळे तो बराच कमी झाला.

तरीही सावधपणा हवा. शीर दिसली म्हणजे सुई अचूक बसेलच असे नाही. अनुभवी हात लागतोच. कातडीच्या रंगाचाही प्रश्न आहे. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे यंत्रही प्रकाशावरच चालते. ते कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा ओळखू शकले नाही, असे अमेरिकेतील २०२० च्या अभ्यासात आढळले. म्हणून अशी साधने आपल्याकडच्या सावळ्या हातांवरही पारखून घ्यायला हवीत.

शिक्षक मित्रहो, वर्गात अंधार करा. विजेरीवर आळीपाळीने लाल, हिरवा आणि निळा जिलेटिन कागद लावून ती तळहाताला टेकवा. कोणता उजेड हाताच्या पाठीमागे पोहोचतो? मग कागद काढा. पांढरा उजेडही लाल होऊनच का बाहेर पडतो? आणि हाडे का दिसत नाहीत? उत्तर सांगण्याची घाई करू नका. मुलांना आधी एकमेकांचे हात पाहू द्या.