शंभर डॉलरांतलें संगीत

ग्रामोफोनची तबकडी घरोघर पोंचली, तरी तींत भरलेलें सारें संगीत कानीं पडत असे असें मात्र नव्हे. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें अमेरिकेंत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, सूक्ष्म रेषांची तबकडी बाजारांत आणली. तिचे स्वर इतके निर्मळ होते कीं, उणीव आतां घरच्या अॅम्प्लिफायरांत आहे, हें रसिकांस उमगूं लागलें. सुईकडून येणाऱ्या क्षीण विद्युत्प्रवाहाचें बळ निर्वात नळ्यांच्या साहाय्यानें वाढवून तो कर्ण्यापर्यंत पोंचविणें, हें या यंत्राचें कार्य. उत्तम यंत्रें मिळत, परंतु तीं धनिकांसाठीं. बेताच्या मिळकतीच्या गृहस्थानें काय निवडावें?

इंग्लंडांत एक उत्तर आधींच निघालें होतें. १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत डी. टी. एन. विल्यमसन यांनीं आपल्या यंत्राचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध केला. शक्ति पंधरा वॅट आणि स्वरांतील विकृति शेंकडा एक-दशांशाहून कमी! ज्याला हत्यारें धरतां येतील त्यानें तें घरींच बांधावें. अडचण एकच होती, ती ट्रान्सफॉर्मरची. नळीला दाब उच्च व प्रवाह अल्प लागतो, कर्ण्याला नेमकें याच्या उलट. या दोघांची सोयरीक जुळविणारा मध्यस्थ म्हणजे ट्रान्सफॉर्मर. खर्जासाठीं त्यांत पुष्कळ लोखंड हवें, आणि तारसप्तकासाठीं तारेचे वेढे थराथरांत विभागून एकमेकांत गुंफलेले हवेत. नळ्या दुकानांत विकत मिळतात; हें कसब मिळत नाहीं. स्वस्त यंत्राच्या विक्रेत्यानें काटकसर केली तर ती प्रथम येथेंच केली असे, कारण झांकणाखालचें लोखंड कोणी पाहत नाहीं.

फिलाडेल्फियाचे डेव्हिड हाफ्लर हे मुळांत ट्रान्सफॉर्मरचेच व्यापारी. त्यांनीं व हर्बर्ट केरोज यांनीं १९५१ सालीं ‘अल्ट्रा-लिनियर’ नांवाची जोडणी पुढें मांडली. तींत नळीची दुसरी जाळी ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांतच मध्यें एका ठिकाणीं जोडली जाते. (याच तऱ्हेची कल्पना ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याच्या १९३७ च्या पेटंटांत आढळते, पण तिला प्रचारांत आणलें या दोघांनीं.) १९५५ सालीं हाफ्लर यांनीं एड लॉरेंट यांच्यासह डायनाको कंपनी काढली, आणि १९५९ सालीं त्यांचें ‘स्टीरिओ ७०’ बाजारांत आलें. दोन बाजूंस पस्तीस-पस्तीस वॅट, इएल ३४ जातीच्या चार नळ्या, आणि सुट्या भागांच्या संचाची किंमत ९९ डॉलर ९५ सेंट. तुलनेसाठीं सांगावयाचें तर मॅकिंटॉश कंपनीच्या १९६१ च्या ‘एमसी २७५’ चा भाव ४४४ डॉलर होता. त्याची शक्ति दुपटीहून अधिक होती हें खरें. पण बैठकीच्या खोलींत तेवढी लागतेच कोणाला?

अर्थात् पस्तीस वॅटही चैन नव्हती. १९५४ पासून एडगर व्हिल्चर यांच्या बंदिस्त पेटीच्या कर्ण्यांनीं लहान घरांत खोल खर्ज आणला, पण ते अॅम्प्लिफायरकडून बळ फार मागत. दहा वॅटचें यंत्र त्यांच्यापुढें धापा टाकी.

मग शंभर डॉलरांत हें जमलें कसें? मजुरी गिऱ्हाइकाच्या माथीं टाकून. नाजूक जोडकामाचा पट्टा कारखान्यांतूनच तयार येई; उरलेल्या तारा गृहस्थानें सूचनापुस्तक पाहून डाखाव्या. चुकीला वाव थोडा होता, पण आंत चारशें व्होल्टांवर दाब असे, तेव्हां निष्काळजी हाताचें तें काम नव्हे. वांचलेला पैसा शोभेवर न जातां ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडांत गेला, यांतच हाफ्लर यांचें व्यापारी शहाणपण दिसतें.

पुढें ट्रान्झिस्टरांचें युग आलें. या यंत्रांतील ७१९९ क्रमांकाची लहान नळी दुर्मिळ व महाग झाली, म्हणून कित्येक मालकांनीं तो पट्टाच काढून दुसऱ्या नळ्यांचा बसविला. ट्रान्सफॉर्मर मात्र बहुतेकांनीं तसेच ठेवले.