स्टॉलवर उभा असलेला माणूस

नाशिकच्या इंदिरानगरातल्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी सहाच्या सुमारास गेलात, तर निम्मी वसाहत तिथे भेटते. निवृत्त मास्तर असतात, अंबडच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले कामगार असतात, साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या आजीबाई असतात. व्यायाम असा सर्वांचा झाला, की त्याचा बाजारही भरू लागतो. त्या बाजारात मी एकदा दुकान मांडले होते. त्या अनुभवाच्या निमित्ताने व्यायामाच्या प्रदर्शनांचा थोडा इतिहास आज सांगणार आहे.

अंबड औद्योगिक वसाहतीत व्यायामाची साधने बनवणाऱ्या एका लहान कंपनीत मी विक्रीचे काम पाहत असे. 2018 मध्ये मुंबईत गोरेगावला भरलेल्या एका फिटनेस प्रदर्शनात आम्ही स्टॉल घेतला. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, एवढीच जागा. ताबा आदल्या दिवशी संध्याकाळी मिळाला आणि सकाळी दहाला दारे उघडणार होती. टेम्पोतून एक केबल मशीन, दोन बाके, डंबेल्सची मांडणी आणि प्लायवूडचे कापलेले तुकडे कसारा घाट उतरून आले. आमचा इंदिरानगरचा सुतार आणि एक वायरमन रात्रभर राबले. मशीन सरळ उभे राहीना, म्हणून ते तिरके लावले. त्यामुळे माहितीपत्रकांचे टेबल वाटेत आले. फ्लेक्सवर एक वेलांटी चुकली होती, तिच्यावर सुताराने काळी चिकटपट्टी मारली. पहाटे चारला भाड्याचा गालिचा अंथरून झाला, तेव्हा स्टॉल खरोखरच देखणा दिसत होता.

पहिल्या दिवशी कोणी थांबले नाही. लोक माहितीपत्रक घेत, पिशवीत टाकत आणि पुढे जात. रात्री मालकांचा फोन आला, ‘मशीनवर माणूस उभा करा.’ माझ्या ओळखीचा, तालमीत वाढलेला विशीतला एक मुलगा रात्रीच्या एसटीने निघाला आणि सकाळी हजर झाला. त्याने केबल ओढायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात स्टॉलसमोर गर्दी जमली.

ही युक्ती आम्हाला नवी वाटली, पण ती शंभर वर्षांहून जुनी आहे. स्टॉकहोमचे डॉक्टर गुस्ताव झांडर यांनी एकोणिसाव्या शतकात व्यायामाची यंत्रे तयार केली. आजच्या जिममधल्या यंत्रांचे ते पूर्वज म्हणता येतील. 1876 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात ती यंत्रे मांडली गेली आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्या यंत्रांची जुनी छायाचित्रे पाहिली की हसू येते. कोट घातलेले, मिशा पिळलेले गृहस्थ अगदी गंभीर चेहऱ्याने यंत्रावर बसलेले दिसतात. तिथे सगळा मान यंत्राचा आहे. बसणारा कोणीही चालला असता.

पुढच्या पिढीत चित्र पालटले. यूजेन सँडो हा प्रशियात जन्मलेला बलवान माणूस 1893 च्या शिकागो विश्वप्रदर्शनाच्या वेळी त्या शहरात खेळ करत होता. लोक त्याचे शरीर पाहायला पैसे देऊन येत. त्याने ओळखले, की शरीर पाहिलेल्या माणसाला साधन विकता येते. मग त्याने डंबेल्स विकले, पुस्तके विकली, लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली. 14 सप्टेंबर 1901 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल होते. 1904-05 मध्ये सँडो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला आणि मुंबईतही त्याचे खेळ झाले. त्याचे नाव आपल्याकडे इतके रुजले, की बिनबाह्यांच्या गंजिफ्रॉकाला आजही आपण सँडो बनियन म्हणतो. बनियन विकत घेणाऱ्या कितीजणांना तो माणूस ठाऊक असतो, हा भाग वेगळा.

सँडो स्वतःच मालक होता आणि स्वतःच नमुना. त्यामुळे कमाई आणि कीर्ती दोन्ही त्याच्याच घरी गेली. प्रत्येक ठिकाणी असे घडत नाही.

आपल्याकडे प्रात्यक्षिकाची परंपरा फार जुनी आहे. मल्लखांबाला दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत लाकडी खांबावर एखादा मुलगा सर्रकन चढतो आणि दोन्ही हात सोडून आडवा होतो, तेव्हा भाषणाची गरज उरत नाही. आमच्या व्यायामसंस्थांनी हे ओळखले होते. उत्सवात, जत्रेत, पाहुण्यांसमोर त्या प्रात्यक्षिके करत. वर्गणीही त्यातून येई, नवे विद्यार्थीही त्यातूनच येत.

या परंपरेतला सर्वांत दूरचा प्रवास अमरावतीकरांनी केला. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने थेट बर्लिनला गेले. तिथे त्यांनी कबड्डीसारखे आपले देशी खेळ आणि व्यायामप्रकार जगासमोर करून दाखवले. विचार करा, देश पारतंत्र्यात, समोर हिटलरची जर्मनी, आणि अमरावतीच्या आखाड्यात घडलेली माणसे परक्या मैदानावर उभी. त्यांच्याकडे विकायला काही नव्हते. आमच्याकडेही शरीराचे शास्त्र आहे, एवढेच त्यांना दाखवायचे होते. त्यांचे स्वतःचे शरीर हाच त्यांचा स्टॉल होता.

ही हकिगत मी अनेक व्याख्यानांत ऐकली आहे. प्रत्येक वेळी संस्थेचे नाव येते, संस्थापकांचे येते आणि ते यावेच. पण मैदानावर ज्यांनी अंग धुळीत घातले, त्यांची नावे क्वचितच कोणी घेतो.

पुढे या प्रदर्शनांचा मोठा व्यवसाय झाला. जर्मनीत 1985 मध्ये ‘फिबो’ सुरू झाले, अमेरिकेत कोलंबस शहरात 1989 पासून अरनॉल्ड श्वार्झनेगर यांच्या नावाचा मेळा भरू लागला, आणि ती लाट आपल्या महानगरांतही आली. गोरेगावच्या त्या दालनात आम्ही उभे होतो, ते याच लाटेवर.

आता तिसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपारी तो मुलगा माझ्याजवळ आला. दोन्ही तळव्यांची कातडी सोलली होती आणि त्यावर त्याने सुताराची उरलेली काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. म्हणाला, ‘काका, एक विचारू? ही माणसं मशीन बघतात का मला बघतात?’ मी हसून म्हटले, ‘तुला बघतात म्हणून तर मशीन घेतात.’ तो म्हणाला, ‘मग जरा बसू का?’

त्या वेळी दोन जिमवाले ऑर्डरची बोलणी करत होते. मी म्हटले, ‘दहा मिनिटं अजून काढ.’ त्याने ती काढली. दहाची चाळीस मिनिटे झाली. ऑर्डर मिळाली. त्या मुलाचा उजवा हात पुढचा आठवडाभर मुठीत मिटत नव्हता, हे मला नंतर त्याच्या आईकडून कळले.

नाशिकला परतल्यावर इंदिरानगरच्या घरी बसून मी खर्चाचा हिशेब मांडला. गालिच्याचे तीन दिवसांचे भाडे त्या मुलाच्या मजुरीपेक्षा जास्त होते. हा दर मीच ठरवला होता. मालकांनी मला कमी दे असे कधी सांगितले नव्हते. कंपनीच्या भिंतीवर लावायला म्हणून स्टॉलचा एक फोटो काढला होता, तो पाहिला. मशीन पूर्ण आले होते, फ्लेक्स आला होता, चुकलेल्या वेलांटीवरची पट्टीसुद्धा दिसत होती. त्या मुलाचे खांदे आणि हात होते; चेहरा चौकटीबाहेर कापला गेला होता. फोटो मीच काढला होता.

त्याच्या घरी जाऊन मी उरलेले पैसे दिले. आईने चहा केला. मुलगा म्हणाला, ‘काका, पुढच्या वेळी दोघं लागतील.’ त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. स्टॉल कसा चालवायचा, हे तो मला शिकवत होता.

त्यानंतरच्या प्रत्येक प्रदर्शनात आम्ही दोन मुले नेली. वीस मिनिटे एकाने करायचे, वीस मिनिटे दुसऱ्याने. तयारीची यादी पूर्वी जागेच्या भाड्यापासून सुरू होत असे. मग प्लायवूड, दिवे, फ्लेक्स, गालिचा, आणि सगळ्यांत शेवटी ‘माणूस एक’. ती यादी मी उलटी केली. पहिल्या ओळीत त्या दोन मुलांची नावे लिहू लागलो, आडनावांसकट.